दप्तर हलते तेव्हा हक्कांचे काय होते?

(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



गाळप संपल्यापासून कुठल्याही गट ऑफिसात जाऊन टेकलो की एक प्रश्न हमखास येतो. "भाऊसाहेब, कारखान्याचे कॉम्प्युटर बदलणार म्हणतात. मग आमची लागण नोंद राहती का जाती?" वर भंडारदऱ्याकडे भात-नागली, आणि प्रवरेने खाली अकोल्याकडे येऊ तसतसा ऊस वाढत जातो, त्या साऱ्या पट्ट्यात हाच एक प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. नोंदीच्या तारखेवर तोडणीचा नंबर लागतो. नंबर महिनाभर मागे गेला की उसाला तुरा येतो, वजन घटते, खोडवा उशिरा धरला जातो आणि रान अडकून पडते. तेव्हा हे काम नेमके काय आहे ते जरा सविस्तर सांगतो. मी काही संगणकाचा माणूस नव्हे, शेतीची पदविका घेतलेला माणूस आहे. पण संगणक विभागाबरोबर बसून हे समजून घेतले, ते आपल्या भाषेत मांडतो.

आधी उत्तर. तुमची नोंद जाणार नाही. कागद एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेणे हे यातले सोपे काम आहे. अवघड काम निराळेच आहे. कोणत्या कागदाला कोणी हात लावायचा, कोणी नुसते पाहायचे आणि कोणी पाहायचेसुद्धा नाही, ही व्यवस्था जशीच्या तशी पलीकडे न्यावयाची आहे. भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले, त्यात ११ टीएमसी पाणी मावते. पण धरणात पाणी असणे निराळे आणि आपल्या चारीला पाळी असणे निराळे, हे खालच्या पट्ट्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. संगणकाचेही तसेच आहे.

डोमेन म्हणजे एक सजा

ऑफिसात पुष्कळ कॉम्प्युटर असतात आणि ते एकमेकांना तारेने जोडलेले असतात. त्यांत एक मुख्य कॉम्प्युटर असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. कामावर कोण कोण माणसे आहेत, त्यांचा पासवर्ड काय, कोण कोणत्या खात्यात आहे, याची यादी या सर्व्हरवर असते. सकाळी कारकुनाने आपले नाव नि पासवर्ड टाकला की सर्व्हर यादी पाहतो आणि आत घेतो. या एका यादीखाली जेवढे कॉम्प्युटर आणि जेवढी माणसे येतात, तेवढा मिळून एक डोमेन होतो. तलाठ्याची सजा असते ना, तसाच प्रकार. सजेतल्या गावांचे दप्तर एका हाताखाली, तसे डोमेनमधले दप्तर एका यादीखाली.

आता या दप्तरात तुमचे काय आहे? गटवार फोल्डर आहेत. फोल्डर म्हणजे बासन समजा. त्यात लागणीचा अर्ज, आठ-अ, सातबारा, बँक पासबुकाची झेरॉक्स, वारसाचे कागद, करार असे सगळे स्कॅन करून ठेवलेले असते. प्रत्येक बासनावर एक न दिसणारी चिठ्ठी असते. अमक्याने वाचावे, तमक्याने लिहावे, फलाण्याने खोडावे. चिटबॉयने नवी नोंद भरावी, पण मंजूर झालेल्या नोंदीची तारीख त्याला बदलता येऊ नये. काट्यावरच्या माणसाला तुमचा कोड दिसावा, पासबुक दिसायचे कारण नाही. बँक खात्याचा नंबर शेअर विभागाने बदलावा, आणि तोही दोन माणसांच्या हाताखालून जावा. ही चिठ्ठी म्हणजेच फोल्डरची परवानगी. ऊसबिलाचा जो प्रोग्राम आहे त्याच्या आत त्याचे हक्क वेगळे असतात हे खरे. पण त्या प्रोग्रामची फाईल ज्या फोल्डरमध्ये ठेवली आहे तो फोल्डरच उघडा राहिला, तर आतल्या कुलपाचा काय उपयोग?

आपला जुना सर्व्हर ज्या विंडोज २०१२ आर-टूवर चालतो, त्याचा कंपनीकडून मिळणारा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबला. म्हणजे तेव्हापासून त्यात सापडणारी भोके बुजवायला साध्या वाटेने कोणी येत नाही. म्हणून नवा सर्व्हर आणि त्यावर नवा डोमेन.

हक्क नावाला नसतो, नंबराला असतो

सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. त्या न दिसणाऱ्या चिठ्ठीवर माणसाचे नाव लिहिलेले नसते. पडद्यावर आपल्याला नाव दिसते, पण आत एक लांबलचक नंबर असतो. एस-१-५-२१ अशी त्याची सुरुवात असते, पुढे त्या डोमेनचा आकडा आणि शेवटी त्या माणसाचा आकडा. संगणक नंबर ओळखतो, नाव ओळखत नाही.

याचा एक फायदा आहे. नाव बदलले तरी हक्क जात नाही. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. कोणाचा गट नंबर बदलला का? बांध तोच, गट तोच, मालक तोच. तसेच संगणकात एखाद्या कर्मचाऱ्याचे नाव दुरुस्त केले तरी त्याचा नंबर तोच राहतो, आणि त्याची बासने त्याला उघडतात.

पण उलट बाजू पाहा. नाव तेच आणि नंबर निराळा असला, तर संगणकाच्या दृष्टीने तो माणूसच निराळा. गावात एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे दोन-तीन सभासद असतात, हा अनुभव तोडणी स्लिप वाटणाऱ्या प्रत्येकाला आहे. नाव वाचून स्लिप दिली तर भांडण ठरलेले. सभासद कोड पाहूनच द्यावी लागते. नव्या डोमेनमध्ये आपल्याच हेड क्लार्कचे खाते त्याच नावाने उघडले, तरी नवा डोमेन त्याला नवा नंबर देतो. तो सकाळी येऊन आपलेच बासन उघडायला जातो आणि संगणक म्हणतो, तुम्हाला परवानगी नाही. आणि जुन्या चिठ्ठ्या उघडून पाहिल्या तर नावाच्या जागी नुसता तो लांबलचक नंबर दिसतो, कारण नव्या सर्व्हरला त्या नंबराचा माणूस माहीतच नसतो. पोरका नंबर.

आपल्या वाडवडिलांनी हा प्रसंग पाहिलेला आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण झाले, म्हणजे आपण ज्याला गटवारी म्हणतो ती. जुने सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. समजा सर्व्हे नंबर ४२ चा एक हिस्सा आणि ४३ चा एक हिस्सा मिळून गट ११७ झाला. जमीन कुठे गेली नाही, ती जागच्या जागी. पण ४२ मधल्या विहिरीत दुसऱ्या भावाचा चार आणे हिस्सा होता, किंवा ४३ च्या बांधावरून मागच्या रानाला वहिवाट होती, ती गोष्ट ११७ च्या इतर हक्कांत उतरली का? जिथे उतरली तिथे कोणाला काही कळलेही नाही. जिथे राहून गेली तिथे नातवंडे अजून तारखा करतात. अशा वेळी वकील आधी काय मागतो? नऊ-तीन नऊ-चारचा उतारा. म्हणजे कोणत्या जुन्या नंबराचा कोणता गट झाला, त्याचा तक्ता. तो तक्ता हाती असला तर हरवलेला हक्क शोधता येतो.

डोमेन बदलतानाही असाच तक्ता करावा लागतो. जुन्या डोमेनमधला अमुक नंबर म्हणजे नव्या डोमेनमधला तमुक. त्यासाठी एक सोयही आहे. नव्या खात्याच्या पोटात त्याचा जुना नंबरही नोंदवून ठेवता येतो, त्याला सिड हिस्टरी म्हणतात. तसे केले की माणूस नव्या नावाने आत येतो, पण जुनी चिठ्ठी असलेले बासनही त्याला उघडते. मात्र त्यासाठी दोन्ही डोमेनचा एकमेकांवर विश्वास जोडावा लागतो, आणि सगळ्या चिठ्ठ्या नव्या नंबरांनी लिहून झाल्या की हा जुना नंबर काढूनही टाकावा लागतो. नाही तर जुन्या सजेतले हक्क नव्या सजेत चोरवाटेने चालू राहतात.

नुसती कॉपी का चालत नाही

साध्या पद्धतीने फोल्डर उचलून नव्या डिस्कवर ठेवला तर कागद सगळे जातात, चिठ्ठी मात्र मागे राहते. नव्या ठिकाणी तो फोल्डर ज्या मोठ्या फोल्डरमध्ये पडतो, त्याचीच परवानगी त्याला लागते. त्या घरात गेला की त्या घराची चाल. मोठा फोल्डर सर्वांना उघडा असला, तर त्यात पडलेली तुमची पासबुके सर्वांना उघडी. कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण काहीच बिघडलेले दिसत नाही. जे बंद असायला हवे ते उघडे राहिले, याची तक्रार कोणी करत नाही. उघडे असायला हवे ते बंद झाले, तर पाच मिनिटांत आरडाओरड होते.

म्हणून विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाचे साधन आहे ते वापरतात. त्याला नीट सांगितले तर ते कागदाबरोबर तारीख, मालक आणि चिठ्ठी अशी सर्व घेऊन जाते. दुसरा गुण म्हणजे ते पुन्हा चालवले की जेवढे बदलले तेवढेच नेते. त्यामुळे मोठा भार चार-सहा रात्री आधी हलवता येतो आणि शेवटच्या रात्री फक्त उरलेला फरक न्यायचा असतो. त्या शेवटच्या दिवशी जुन्या सर्व्हरवर लिहिणे बंद, वाचणे चालू.

आणखी एक खुबी. नेटवर्कवरून येणाऱ्या माणसाला दोन दरवाजे असतात. एक वाटेवरचा, म्हणजे शेअरची परवानगी, आणि दुसरा बासनाचा स्वतःचा. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन आणि आत कॅशच्या खोलीचे कुलूप, असे समजा. दोघांत जो कडक असेल त्याचे चालते. कॉपी करताना बासनाची चिठ्ठी येते, पण वाटेवरचा दरवाजा नव्या सर्व्हरवर नव्याने बसवावा लागतो. हे विसरले की "परवानगी दिली तरी उघडत नाही" अशी रड सुरू होते.

अशी रड सुरू झाली की घाईचा एक उपाय हमखास पुढे येतो. "सर्वांना सगळे देऊन टाका, नंतर पाहू." माझे स्पष्ट मत आहे, असे अजिबात होऊ नये. तात्पुरते म्हणून उघडलेले कुलूप पुन्हा लागत नाही. टेल-टू-हेड पाळी चालू असताना एखाद्याने रात्रीतून मधलेच दार उचलले तर शेपटाला काय मिळते, ते आपण जाणतो. लागणीची तारीख कोणालाही बदलता आली, तर पहिला बळी लहान सभासद. ज्याचा अर्धा एकर आडसाली आहे आणि ऑफिसात ज्याची ओळख नाही, त्याचाच नंबर खाली सरकतो, आणि ते कोणी केले याचा मागही लागत नाही.

याच्याच जोडीला चिठ्ठीवर माणसांची नावे न घालता खात्यांची नावे घालावी, असा चांगला रिवाज आहे. "गट ऑफिस वाचक", "शेतकी मंजुरी", "शेअर विभाग" असे गट करायचे आणि माणसांना गटात ठेवायचे. माणूस बदलीवर गेला की त्याला गटातून काढले, काम झाले. शेकडो बासने हुडकावी लागत नाहीत. जुन्या डोमेनमध्ये निवृत्त झालेल्यांची, सोडून गेलेल्या चिटबॉयची खाती अजून जिवंत आहेत, मयताचे नाव सातबारावर राहते तशी. त्यांना पलीकडे न्यायचेच नाही. घर बदलताना अडगळ मागे टाकायची ती हीच वेळ.

न्हावाशेव्यापासून घानापर्यंत

हे सगळे पुस्तकी वाटेल, म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. आपल्या महाराष्ट्रातून परदेशी जाणारी बरीच साखर ज्या न्हावाशेवा बंदरातून जाते, तिथे जून २०१७ च्या शेवटच्या आठवड्यात एका टर्मिनलचे काम अचानक ठप्प झाले. मर्स्क नावाच्या डॅनिश जहाज कंपनीच्या गटाकडे ते टर्मिनल होते. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून सुटला आणि काही तासांत त्या कंपनीच्या जगभरच्या कॉम्प्युटरांत पसरला. बंदराबाहेर कंटेनरच्या रांगा लागल्या. कंपनीने पुढे जाहीरपणे सांगितले की सुमारे ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत पुन्हा उभे करावे लागले.

आता यातला आपल्या कामाचा भाग. बहुतेक सर्व्हरवरच्या कागदपत्रांच्या तीन ते सात दिवसांपूर्वीच्या नकला त्यांच्याकडे होत्या. नव्हती ती डोमेनच्या यादीची नक्कल. ही यादी सांभाळणारे जवळजवळ दीडशे सर्व्हर होते, आणि एक बिघडला तर दुसऱ्यावरून घेऊ अशा हिशेबाने ते एकमेकांची नक्कल ठेवत. सगळेच एकदम पुसले जातील असे कोणी धरले नव्हते. कागद आहेत, पण कोण माणूस आणि कोणाला काय हक्क, हेच माहीत नाही. म्हणजे कागद असून नसल्यासारखे. शेवटी आफ्रिकेत घाना देशातल्या ऑफिसातला एक सर्व्हर वाचलेला निघाला. का वाचला? हल्ल्याच्या आधी तिथली लाईट गेली होती, म्हणून तो बंद पडला होता! तिथून इंटरनेटवरून यादी पाठवायची तर वेग पुरेना. घानाच्या माणसांकडे इंग्लंडचा व्हिसा नव्हता. मग एकाने डिस्क घेऊन नायजेरियाचा विमानतळ गाठला, तिथे दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्याने ती विमानाने लंडनला नेली. लाईट गेल्याचा फायदा झाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या भंडारदरा भागात तरी कोणी सांगेलसे वाटत नाही.

म्हणून आपल्याकडे नुसत्या फोल्डरची नक्कल काढून भागत नाही. यादीची आणि चिठ्ठ्यांची नक्कल स्वतंत्र डिस्कवर काढून, तार सोडवून, दुसऱ्या इमारतीत कुलपात ठेवायची. व्हायरस ज्या माणसाच्या खात्यातून शिरतो, साधारणपणे त्याला जेवढे हक्क तेवढेच त्यालाही मिळतात, हेही हक्क बेताने देण्याचे एक कारण.

चावडी वाचन

शासनाने सातबारा हातलिखितावरून संगणकात नेला तेव्हाचा अनुभव आपल्या सर्वांच्या पदरी आहे. क्षेत्राचा मेळ न बसणे, पोटहिस्सा गळणे, बोजा राहून जाणे, एखादे नाव सुटणे हे प्रकार झाले. आपल्या अकोले तालुक्यात याला एक जास्तीची धार आहे. जमीन महसूल संहितेत १९७४ साली आलेल्या ३६-अ कलमाने आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. तसा शेरा सातबारावर उतरायचा राहिला तर कायदा काही बदलत नाही. पण कागद पाहणाऱ्याला जमीन मोकळी दिसते, आणि पुढचा घोळ तिथून सुरू होतो. शेरा म्हणजेच त्या जमिनीची चिठ्ठी.

पण शासनाने एक गोष्ट योग्य केली. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन ठेवले. संगणकातला सातबारा खातेदारांपुढे वाचला, ज्याची हरकत त्याने तिथेच सांगितली. लेखनप्रमादाच्या चुका संहितेच्या १५५ कलमाखाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होत गेल्या. आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. क्रम ध्यानात घ्या. आधी नक्कल, मग ज्याचा हक्क त्याच्यापुढे वाचन, आणि सही त्यानंतर.

हाच क्रम आपण धरला आहे. नक्कल झाली की दोन वाचने होतील. पहिले ऑफिसात. खातेप्रमुखांपुढे प्रत्येक बासनाची चिठ्ठी वाचायची, हा माणूस इथे का आहे, असे विचारायचे, आणि ज्याचे उत्तर मिळणार नाही त्याचे नाव खोडायचे. नुसते "उघडते का" एवढे न पाहता "ज्याला उघडू नये त्याला खरेच उघडत नाही ना" हेही त्याच्याच खात्यातून बसून पाहायचे. दुसरे वाचन गट ऑफिसात, तुमच्यापुढे. जुना सर्व्हर एक पूर्ण गाळप हंगाम मोडायचा नाही, फक्त वाचण्यापुरता ठेवायचा, म्हणजे वाद झाला तर मूळ नोंद दाखवता येईल.

ऑफिसातल्या मंडळींसाठी एक सूचना. नव्या डोमेनमध्ये पहिल्या दिवशी कॉम्प्युटर उघडाल तेव्हा पडदा कोराकरकरीत दिसेल, डेस्कटॉपवरचे सगळे गायब. घाबरू नका. नव्या नंबराच्या माणसाला संगणक नवे घर देतो. तुमचे जुने सामान त्याच कॉम्प्युटरवर जुन्या नावाच्या फोल्डरमध्ये तसेच असते. संगणक विभागाला सांगा, स्वतः खोडाखोड करू नका.

सभासदांनी गट ऑफिसातल्या वाचनाला येताना लागण नोंदीची पावती, चालू आठ-अ आणि पासबुक आणावे. पाच गोष्टी स्वतः पाहाव्यात. सभासद कोड, गट नंबर व क्षेत्र, लागणीची तारीख व जात, बँक खात्याचा नंबर, आणि वारसाचे नाव. खोडव्याची नोंद वेगळी पाहावी, ती पुष्कळदा लागणीच्या नोंदीत मिसळते. वाचता येत नसेल तर मुलाला-सुनेला बरोबर आणा, किंवा चिटबॉयकडून मोठ्याने वाचून घ्या. तो त्याच्या कामाचाच भाग आहे. फरक निघाला तर तोंडी सांगून उठू नका. हरकतीचा छापील अर्ज गट ऑफिसात ठेवला आहे, तो भरून पोच घ्या. आणि बँक खाते बदलायचे म्हणून कोणी फोनवर नंबर किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. खाते फक्त शेअर विभागात, सभासदाच्या समक्ष सहीने बदलते. वाचनाची गटवार तारीख गट ऑफिसच्या फळ्यावर लागेल.